नऊ मण्यांचा गडी

पुण्याच्या माणसाला नसरापूर म्हटलं की बनेश्वर आठवतं. पेशवाईतलं देऊळ, भोवतीची गर्द झाडी, पावसाळ्यात मागं कोसळणारं पाणी. मला ज्याच्याविषयी सांगायचंय त्याचं बनेश्वराशी काही नातं नाही. त्याचे गावात दोनच पत्ते: पहाटेचा गोठा आणि सरकारी दवाखान्यातला फ्रिज. दवाखान्याच्या रजिस्टरात त्याचं नाव ऑक्सिटोसिन असं लिहितात. गोठ्यात हे नाव कुणी घेत नाही. तिथं फक्त विचारतात, "पान्हावली का?"

आधी गोठ्यातला पाहू, कारण तिथं तो उघड्यावर भेटतो.

धार काढायला बसणारी बाई पहिल्यांदा रेडकू सोडते. ते कासेला ढुशा देतं, सड ओढतं, म्हैस मान वळवून त्याला चाटते. मग रेडकू बाजूला बांधायचं, कोमट पाण्यानं कास धुवायची, सडांवरून हात फिरवायचा. सवयीच्या म्हशीला एवढंही लागत नाही. बादलीची कडी वाजली, घमेल्यातल्या सरकीचा वास आला, की पुरे. सडांच्या कातडीतून निघालेला निरोप मज्जातंतूंवरून मेंदूच्या तळाशी जातो. तिथं हायपोथॅलॅमसमध्ये आमचा गडी तयार होतो आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात हुकमाची वाट पाहत साठून राहतो. निरोप आला की तो रक्तात उतरतो आणि कासेत पोचतो. दूध ज्या सूक्ष्म पिशव्यांत साठलेलं असतं, त्या प्रत्येकीभोवती आकसणाऱ्या पेशींची जाळी असते. याचा स्पर्श झाला की ती जाळी आवळते, दूध खाली सरकतं, सड टरारून येतात.

दूध तयार करण्यात याचा हात नाही. ते श्रेय प्रोलॅक्टिनसारख्या इतरांचं. तयार असलेलं बाहेर काढून द्यायचं, एवढाच याचा धंदा, आणि म्हशीच्या बाबतीत तो धंदा फार मोलाचा. गायीच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध सडाजवळच्या पोकळीत आपणहून उतरलेलं असतं. पान्हा यायच्या आधीही चार धारा मिळतात. म्हशीत हाच हिस्सा जेमतेम विसावा. बाकी सगळं वर, त्या आवळायच्या पिशव्यांत. म्हणून न पान्हावलेल्या म्हशीखाली कितीही वेळ बसा, चरवीचा तळ झाकत नाही.

आला तरी हा फार थांबत नाही. रक्तात शिरल्यापासून काही मिनिटांत निम्मा संपलेला असतो. जाणती बाई म्हणून एकदा सुरुवात केली की हात थांबवत नाही, मध्येच कुणी हाक मारली तर ओ देत नाही. तिनं शरीरशास्त्र वाचलेलं नाही. उशीर केला की दूध वर जातं हे तिला आईनं आणि सासूनं सांगितलंय.

याचा एक वैरी आहे. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला, कुत्रं भुंकलं, कुणी काठी उगारली, की म्हशीच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन सुटतं. ते कासेच्या रक्तवाहिन्या आखडतं, म्हणजे ऑक्सिटोसिनची वाट अडते. घाबरलेला मेंदूही त्याला सोडायला कचरतो. आणि आपण म्हणतो, म्हशीनं पान्हा चोरला. बिचारीवर चोरीचा आळ! ज्यानं काठी उगारली तो साव.

सगळ्याच म्हशी लाजऱ्या नसतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळतात आणि फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. भर रस्त्यात, गाड्यांच्या आवाजात पान्हा सोडणं हे पंढरपुरी म्हशीचंच काम. तिच्या लांबलचक शिंगांचं कौतुक पुष्कळ होतं. माझ्या मते कौतुक तिच्या मज्जासंस्थेचं व्हायला हवं.

रेडकू मेलं तर? मोठा घोळ. मग कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं ठेवायची जुनी रीत होती. ती चाटायची, फसायची, पान्हावायची. त्याहून ओंगळ रीत फुंक्याची: जनावराच्या योनिमार्गात नळीनं हवा भरायची. तिथं ताण पडला की प्रसूतीच्या वेळी जसा सुटतो तसा ऑक्सिटोसिन सुटतो आणि दूध उतरतं. हे करणाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण हात बरोबर त्याच कळीवर पडला होता. या फुंक्याची किळस येऊन गांधीजींनी गायीम्हशीचं दूध सोडलं. १९१९च्या सुरुवातीला मुंबईत आजारी असताना डॉ. दलाल दूध घ्या म्हणून मागं लागले, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नव्हती ना. शेळी अशी त्यांच्या घरात आली. पुढं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुंक्याचं नाव घेऊन शिक्षा लिहिली गेली, आणि १९८२च्या दुरुस्तीनं त्याच कलमात 'कोणताही पदार्थ टोचणे'सुद्धा घातलं. कारण तोवर हा गडी कुपीत भरता यायला लागला होता.

त्याची कुंडली अशी. १९०६ साली हेन्री डेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं बैलाच्या पिट्युटरीचा अर्क गाभण मांजरीला टोचला आणि तिचं गर्भाशय आकसलेलं पाहिलं. त्या अर्कात नेमकं काय आहे हे कळायला सत्तेचाळीस वर्षं गेली. न्यू यॉर्कमध्ये व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांनी १९५३ साली त्याची घडण उलगडली, आणि तीच घडण प्रयोगशाळेत हातानं जुळवूनही दाखवली. दोन वर्षांनी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. निघाले किती मणी? अवघे नऊ. नऊ अमिनो आम्लं एका दोऱ्यात ओवलेली, त्यातल्या पहिल्या आणि सहाव्या मण्याला गंधकाच्या पुलानं एकमेकांशी बांधलेलं, उरलेले तीन मागं लोंबणारे. शेळी, म्हैस, गाय, बाई, सगळ्यांत हेच नऊ, याच क्रमानं. यातले दोन मणी बदलले की तो होतो व्हॅसोप्रेसिन. त्याला दूध, बाळंतपण काही कळत नाही, तो मूत्रपिंडात बसून अंगातलं पाणी राखतो.

आता याचा स्वभाव. हार्मोनचा स्वभाव तो कशाचा घडलाय यावर ठरतो, आणि हे पाहायला नसरापूरच्या आरोग्य केंद्रासारख्या कुठल्याही सरकारी दवाखान्याचं कपाट उघडावं. सगळी भावकी तिथं नांदते.

आमचा गडी पेप्टाइड कुळातला, म्हणजे प्रथिनांच्या जातकुळीचा. इन्सुलिन याच कुळातलं, एक्कावन्न मण्यांचं, थोरलं. या कुळाचं पहिलं लक्षण असं की यांना गिळता येत नाही. पचनसंस्थेला डाळीतलं प्रथिन काय आणि ऑक्सिटोसिन काय, दोन्ही सारखीच; ती मणी सुटे करून टाकते. म्हणून सुई लागते. दुसरं लक्षण, पाण्यात विरघळतात, चरबीत नाही. पेशीची भिंत चरबीची, तेव्हा आत प्रवेश नाही. दाराबाहेर उभं राहून कडी वाजवायची. आतली माणसं निरोप पुढं नेतात, कॅल्शियम हलवतात, स्नायू आकसतो. काम झटपट होतं आणि झटपट संपतं. तिसरं लक्षण नाजूकपणा. दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलं तर बरं, उन्हात तापलं तर कुपी जशीच्या तशी दिसते पण आतला गडी गेलेला असतो.

त्याच कपाटात स्टेरॉइडांचं कूळ आहे. हे कोलेस्टेरॉलपासून घडलेले, तेलकट, धीम्या चालीचे. यांना दार लागत नाही. चरबीच्या भिंतीतून सरळ आत जातात आणि गुणसूत्रांपर्यंत पोचून कोणतं प्रथिन करायचं, कोणतं नाही, याचे हुकूम बदलतात. परिणाम दिसायला तास, दिवस लागतात आणि उतरायलाही तेवढेच. माला-एन ही गर्भनिरोधक गोळी यांची: गिळा, पचनसंस्था काही करू शकत नाही. 'अंतरा' नावाचं जे इंजेक्शन २०१७पासून सरकारी दवाखान्यांत मिळतं, तेही यांचंच. एकदा दंडात घेतलं की तीन महिने पाळणा थांबतो. ऑक्सिटोसिनची काही मिनिटं आणि अंतराचे तीन महिने, दोन्ही एकाच सिस्टरच्या हातून. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या बाईला बाळाच्या फुप्फुसांसाठी जे डेक्सामेथासोन देतात, तेही याच घराण्याच्या नमुन्यावर कारखान्यात केलेलं.

तिसरं कूळ अमिनांचं, आणि त्यात मेळ नाही. दोन भाऊ एकाच अमिनो आम्लापासून, टायरोसिनपासून झालेले. अ‍ॅड्रेनलिन पेप्टाइडांच्या रीतीनं दाराबाहेरून काम करतं आणि ऑक्सिटोसिनपेक्षाही उतावळं. लसीकरणाच्या टेबलावर त्याची कुपी हाताशी ठेवतात, कुणाला लसीची जबर अ‍ॅलर्जी आली तर. दुसरा भाऊ थायरॉक्सिन. त्यानं अंगावर आयोडीन चढवलं आणि चालच बदलली: पेशीच्या आत शिरतो, गुणसूत्रांवर काम करतो, आठवडाभर रक्तात रेंगाळतो, उपाशीपोटी गोळीनं घेता येतो. आईबाप तेच, वागणं सावत्र घराण्याचं. शाळेच्या पुस्तकात तीन रकाने आखून हार्मोन वाटून टाकतात तेव्हा या थायरॉक्सिनचं काय करायचं हा प्रश्न बहुधा शिक्षक टाळतात.

या सगळ्यांत ऑक्सिटोसिन सगळ्यात हजर कुठं असेल तर प्रसूतीच्या खोलीत. पण तिथंही आधी इतरांनी मैदान तयार केलेलं असतं. नऊ महिने प्रोजेस्टेरॉननं गर्भाशय गप्प ठेवलेलं असतं. शेवटी शेवटी इस्ट्रोजेनच्या जोरावर गर्भाशयाच्या भिंतीत ऑक्सिटोसिनला ओळखणारी दारं कितीतरी पटींनी वाढतात. धीम्या कुळानं दारं बसवायची आणि उतावळ्यानं वाजवायची. कळ आली की बाळाचं डोकं गर्भपिशवीच्या तोंडावर दाबतं, त्या दाबानं मेंदूकडे निरोप, आणखी ऑक्सिटोसिन, आणखी जोराची कळ. शरीरातल्या बहुतेक यंत्रणा वाढलेलं आवरायला धडपडतात. ही एक वाढलेलं वाढवत नेते, बाळ बाहेर येईपर्यंत.

इथंच याचा तापटपणा धोक्याचा. सलाइनमधून थेंबाथेंबानं, बाळाचे ठोके ऐकत दिला तर अडलेल्या बाईला हात देतो. पण बाळ आत असताना, घरी कुणी 'कळांचं इंजेक्शन' म्हणून दंडात टोचलं तर आवरता येत नाही. कळांमध्ये उसंत राहत नाही, बाळ गुदमरतं, कधी गर्भाशय फाटतं. गोठ्यात आणि गावात सुई सढळ हातानं वापरणाऱ्यांना हे सांगायला हवं.

बाळ बाहेर आलं की मात्र घाई करायची. मिनिटभरात बाळंतिणीच्या मांडीत दहा युनिट. कारण वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि त्यांना बांधायला कुठला टाका नसतो. त्या स्नायूंच्या विणीतून गेलेल्या असतात. स्नायू आवळला तरच त्या मिटतात. नाही आवळला तर बाई समोर बोलता बोलता पांढरी पडत जाते. बाळंतपणातल्या मृत्यूंचं हे जगभरातलं सगळ्यात मोठं कारण, आणि त्यावरचा सगळ्यात साधा उपाय हा फ्रिजमधला गडी. नसरापुरात रात्री असं काही झालं तर भोर किंवा पुण्याचं ससून गाठायचं. महामार्ग उशाशी आहे, तरी त्या प्रवासात गर्भाशय आवळलेलं राहणं हे याच्यावर सोपवलेलं असतं.

नंतर बाळ छातीला लागतं आणि गोठ्यातलीच गोष्ट घरात होते. पाजताना बाळंतिणीच्या पोटात कळ येते, ती यानंच. दूध सोडता सोडता गर्भाशयही आवळतो. थोड्याच दिवसांत बाळाचं रडणं ऐकलं तरी चोळी भिजायला लागते. रायगडाच्या कड्यावरून अंधारात उतरलेल्या हिरकणीच्या गोष्टीवर इतिहासकारांनी खुशाल वाद घालावा. तान्ह्या बाळापासून दूर अडकलेल्या बाईची छाती कशी दाटून येते ते एस.टी. स्टँडवरच्या हिरकणी कक्षात बसलेली कुणीही सांगेल.

यावरून शहाण्यांनी ऑक्सिटोसिनला प्रेमाचा हार्मोन करून टाकलं. २००५ साली झ्युरिकच्या संशोधकांनी नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा मारून पैशाचा खेळ खेळवला आणि लोक परक्यावर जास्त विश्वास ठेवतात असं जाहीर केलं. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं! पुढं इतरांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसं काही हाती लागलं नाही. प्राण्यांत आई आणि पिल्लाच्या ओढीत याचा वाटा आहे हे चांगलं दाखवलेलं आहे. पण नऊ मण्यांवर अख्ख्या प्रेमाचं ओझं टाकणं मला पटत नाही.

प्रेमाइतकीच बदनामीही वाट्याला आली. दुधी भोपळ्याला इंजेक्शन देऊन रात्रीत फुगवतात, हे मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. दुधीला कास नाही, गर्भाशय नाही. झाडांच्या वाढीचे कारभारी ऑक्सिन, जिबरेलिन हे वेगळेच. दुसरी भीती अशी की इंजेक्शनच्या म्हशीचं दूध पिऊन मुली लवकर वयात येतात. इथं कुळांची गफलत आहे. वयात आणणं हे इस्ट्रोजेनचं, स्टेरॉइडाचं काम. ऑक्सिटोसिन दुधातून पोटात गेलंच तर पचनात त्याचे मणी सुटे होणार. हाल होतात ते म्हशीचे. रोज सुई टोचली की ती सुईवाचून पान्हावायचं विसरते, रेडकाला तिच्यापासून तोडलेलं असतं, आणि कुठल्यातरी छपरात भरलेल्या बिनलेबलाच्या बाटलीत किती युनिट आहेत, पाणी स्वच्छ होतं का, हे टोचणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यासाठी हा धंदा बंद व्हायला हवा. खोट्या भीतीनं खऱ्या गुन्ह्याची धार बोथट होते.

सरकारनं एप्रिल २०१८मध्ये यावर भलताच उपाय काढला. देशातल्या वापरासाठी खासगी कंपन्यांनी ऑक्सिटोसिन करायचंच नाही. बंगळुरूच्या कर्नाटक अँटिबायोटिक्स या एका सरकारी कंपनीनं सगळ्या देशाला पुरवायचं. म्हशीला वाचवायला बाळंतिणींचा पुरवठा एका नळावर आणून ठेवला. औषधांच्या हक्कासाठी झगडणाऱ्या संघटना आणि कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि १४ डिसेंबर २०१८ला दिल्ली उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. एवढ्याशा रेणूसाठी गर्भाशयाच्या आणि कासेच्या बाजूनं वकील उभे राहिलेले पाहून दु व्हिन्यो काय म्हणाले असते कोण जाणे.

नसरापुरातून गुंजवणीच्या खोऱ्याकडं, वेल्ह्याच्या वाटेला लागलं की आमच्या गड्याची हद्द संपत येते. वर राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांत पावसाळ्यात वीज जाते, ओढा चढला की वाट बंद होते. फ्रिजवाचून न राहणारा, सुईवाचून अंगात न शिरणारा हा गडी तिथं निरुपयोगी. तिथं जातो चौथ्या कुळातला: मिसोप्रोस्टॉल, चरबीच्या आम्लांपासून घडणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांच्या नमुन्यावर केलेला. गर्भाशय आवळण्यात थोडा कमी, वर थंडी वाजवतो, ताप आणतो. पण गोळी आहे. प्रसूती घरीच होण्याची शक्यता असेल तिथं ती आशाताईंमार्फत आधीच देऊन ठेवायला २०१३च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली: दोनशे मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या, बाळ जन्मल्याबरोबर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, पाण्याबरोबर गिळायच्या.

ऑक्सिटोसिनलाही एक धडधाकट धाकटा भाऊ मिळालाय, प्रयोगशाळेत घडलेला: कार्बेटोसिन. उष्णता सोसणाऱ्या त्याच्या प्रकाराची दहा देशांतल्या तीस हजारांच्या आसपास बाळंतिणींवर चाचणी झाली, भारतातल्याही. अतिरक्तस्राव रोखण्यात तो थोरल्याच्या जवळपास उतरला, आणि २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला शिफारशींत घेतलं. त्याला फ्रिज लागत नाही. सुई मात्र लागतेच. कूळ सुटत नाही. म्हणजे सुई टोचणारी नर्स वस्तीवर पोचलेली हवी, आणि ओढा तर चढलेलाच आहे.